मयत सभासद

ज्या माणसानं इतकी वर्षं लेकीचं नाव घरात कुणाला घेऊ दिलं नाही, त्या गुरुपाद आप्पांचा फोन शिरूर कासारला आला तेव्हा शिवगंगा भाकरी थापत होती.

"सुट्ट्या लागल्यात. चन्नप्पा पुण्याहून येतोय, राचप्पा नाशकाहून. तू बी ये. समदे मिळून राहू चार दिवस," आप्पा म्हणाले. "तुझं इष्टलिंग हाय इथंच. कपिलधारला जाऊ, मन्मथस्वामींच्या समाधीपुढं बांधतो तुझ्या गळ्यात."

भाकरी तव्यावर करपून कोळसा झाली. शिवगंगाला तिचं भानच नव्हतं, ती भिंतीला टेकून रडत होती.

आणि रडणार नाही तर काय! युसूफ वडगाव या गावातल्या लिंगायत दुकानदाराच्या या पोरीनं धर्मराज नावाच्या बौद्ध मास्तराशी लग्न केलं, त्या दिवशी आप्पांनी तिच्या गळ्यातलं इष्टलिंग हिसकून घेतलं होतं. पाळण्यात असताना बांधलेलं, मेल्यावर तिच्यासोबत मातीत जायचं ते. "तू आमाला मेलीस," म्हणाले. रोज सकाळी बसवण्णांची वचनं म्हणणारा माणूस हा! जात नाही, पात नाही, असं तोंडानं घोकायचं, आणि लेकीनं ते खरं मानलं की तिला दारातून हाकलायचं. तेव्हापासून रोज अंघोळीनंतर शिवगंगाचा हात आपोआप गळ्याकडं जायचा आणि मोकळाच खाली यायचा. धर्मराजला ते दिसायचं, पण तो काही बोलायचा नाही.

या खेपेला मात्र बोलला. "बापाला माया आली का काम आलं?"

"तुमाला कुणाचं चांगलं बगवतच न्हाई," शिवगंगा फणकारली. बस येईपर्यंत ती त्याच्याशी बोलली नाही. बस हलल्यावर मात्र तिनं खिडकीतून मागं वळून पाहिलं.

वडगावात पाण्याची बोंब होती. विहिरींचे तळ दिसत होते, टँकर आला की गाव घागरी घेऊन त्याच्या मागं पळत होतं. गुरं सगळी माळावरच्या छावणीत. आप्पांच्या अंगणात टँकरच्या पाण्याचा एक पिंप होता आणि त्याला कुलूप. बसम्मानं, तिच्या आईनं, दारातच तिला पोटाशी धरलं, आणि लगेच मागं बघून सोडलंही. आप्पा ओसरीवर बसले होते. "आलीस? बरं झालं. मोबाईल दे इकडं," ते म्हणाले.

"मोबाईल कावून?"

"सुट्टी हाय ना? मंग मोबाईल कशाला पायजे?"

दोघा भावांचे, भावजयींचे मोबाईल आधीच दुकानाच्या गल्ल्यात पडले होते. दारात सुग्रीव नावाचा आप्पांचा माणूस खाट टाकून बसलेला. बाहेर कुणी जायचं नाही, आत कुणी यायचं नाही. शेवटी चन्नप्पानंच हसत हसत उलगडा केला.

"अगं, सुट्टी कसली? दूध सोसायटीची निवडणूक हाय. बाकीचे पुढारी मतदार उचलून महाबळेश्वरला सहलीला नेतात. आपल्या आप्पानं सहल माजघरातच काढली! लेकरं पाळण्यात असल्यापासून सोसायटीचे सभासद करून ठेवलेत त्यांनी. घरात म्हैस एक अन् सभासद पाच."

"इतकं कशासाठी?"

"आप्पा सोसायटीचे चेअरमन, अन् छावणी सोसायटीकडं हाय ना. छावणी ज्याची त्याचा चारा, त्याचा टँकर, त्याचा गाव. समोरच्या पॅनेलचा बंकट या टायमाला लई जोरात हाय. एकेक मत मोलाचं झालंय."

शिवगंगा उठून पडवीत जाऊन बसली. म्हणजे धर्मराज म्हणाला तेच! पण आशा मोठी निलाजरी असते हो. पडवीत बसल्या बसल्या तिनं स्वतःची समजूत घातली. बापाला मत पायजे तर पायजे. लेकीचं मत बापाला नाही तर कुणाला? निमित्त निवडणुकीचं का असेना, बोलावलं तर खरं. कपिलधारला नेणार हाय, स्वतःच्या हातानं बांधणार हाय. तेवढं झालं की बास.

मग जे जे दिसलं त्याला ती कारणं लावत गेली. तिचं ताट पडवीत आलं, तर म्हणाली, आत गरम होतंय. तिच्या पेल्याला कडेला चुन्याचा ठिपका लावलेला, तर म्हणाली, एवढ्या माणसांत पेले बदलतात. देवघराची कडी कायम लावलेली, तर म्हणाली, आप्पांचं सोवळं पहिल्यापासून कडकच. भावजयींना मदत म्हणून तिनं टोपलंभर पोळ्या लाटल्या. दुपारी मागच्या दाराशी गेली तर धाकटी भावजय त्याच पोळ्या शेजारच्या सिंधुबाईच्या शेळीला चारत होती. शिवगंगाला पाहून ती जराही गडबडली नाही. "कडक झाल्या होत्या," म्हणाली. याला मात्र शिवगंगाला काही कारण सुचलं नाही.

"आई, माझं इष्टलिंग एकदा बघू दे ना. हात न्हाई लावत, लांबूनच," ती म्हणाली.

बसम्मा तांदूळ निवडत होती. तिची बोटं थांबली. "मतदान होऊ दे गं बाई. आप्पाच देतील. तू आता कायबी काढू नकोस. मला चार दिवस तुला बघू दे."

मतदानाच्या दिवशी आप्पांनी सगळ्यांना जीपमधून शाळेत नेलं. व्हरांड्यात निवडणूक अधिकारी यादी घेऊन बसला होता, अंगणात दोन्ही बाजूंची गर्दी. भाऊ मत देऊन आले, बसम्मा देऊन आली. शिवगंगानं आधार कार्ड पुढं केलं आणि बंकट ताडकन उठला.

"साहेब, हरकत! हा सभासद मयत हाय."

अधिकाऱ्यानं कार्ड पाहिलं, यादी पाहिली. यादीत माहेरचं नाव, कार्डावर सासरचं. "चेअरमन, ह्या कोण?"

आप्पा झपाझप पुढं आले. सगळ्या गावादेखत त्यांनी शिवगंगाच्या डोक्यावर हात ठेवला. "ही माझी लेक, साहेब. शिवगंगा. माझं रगत हाय."

शिवगंगाचे डोळे भरून आले. याच्यासाठीच तर ती आली होती. आता इष्टलिंग नाही मिळालं तरी चालेल, असं क्षणभर तिला वाटूनही गेलं. लोकांना काय म्हणायचं ते म्हणोत, बाप म्हणाला, माझी लेक.

"आसं का?" बंकट हसला. "मंग मळ्यात पुरलं ते काय हुतं, आप्पा? विधीला जंगम आणला, खड्डा खणला, लेक मेली म्हणून तिचं इष्टलिंग मातीत घातलं. आमी समद्यांनी मूठ मूठ माती लोटली. वर गावजेवण घातलं तुमी. शिरा तर मी सोता दोनदा घेतलता! अन् आज मत द्यायला ही जित्ती झाली व्हय?"

अंगणात हशा उसळला. आप्पांच्या बाजूचेसुद्धा तोंड फिरवून हसले, कारण ते सगळेच त्या पंगतीला बसले होते. गावाला ठाऊक, भावांना ठाऊक, भावजयींना ठाऊक. ठाऊक नव्हतं ते एकट्या शिवगंगाला, कारण मेलेल्या माणसाला सांगणार कोण?

"आप्पा, माझं इष्टलिंग कुठं हाय?"

"घरी बोलू. आधी सही कर." डोक्यावरचा हात आता तिला खाली दाबत होता.

शिवगंगानं आईकडं पाहिलं. बसम्मा पदराचं टोक पिळत पायाच्या अंगठ्याकडं बघत उभी होती. म्हणजे तिनं बोलावणं येऊ दिलं, पोटाशी धरलं, शेजारी बसवून केस विंचरले, आणि हे पोटात ठेवलं. आई! शिवगंगाला बापाचा राग आला नाही इतका आईचा आला.

"बाई, तुम्हीच सांगा," अधिकारी कंटाळून म्हणाला. "तुम्ही शिवगंगा गुरुपाद का?"

तिनं डोक्यावरचा हात बाजूला केला. आधार कार्ड उचलून पिशवीत टाकलं.

"न्हाई साहेब. ती मेली. समद्या गावानं माती दिली तिला. मी शिवगंगा धर्मराज, शिरूर कासारची. पाहुणी आलते."

अधिकाऱ्यानं नावावर आडवी रेघ मारली आणि पुढच्याला बोलावलं.

मतमोजणी तिथंच झाली. आप्पांच्या जागेला दोन्हीकडं सारखी मतं पडली, आणि चिठ्ठी काढली ती बंकटची निघाली. गुलाल उधळला तेव्हा शिवगंगा घरी पिशवी भरत होती. बंकटच्या माणसांनी वाटेत तिला "ताई, जेवून जा" म्हटलं होतं. आपलं ताट तिथंही पडवीतच येणार, हे आता तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

ती उंबरा ओलांडून बाहेर आली तर आप्पा, भाऊ, आई सगळे अंगणात पोचले होते. तिला वाटलं, आप्पा मारतील. तिची तयारी होती. उलट मारलं असतं तर बरं वाटलं असतं. आप्पांनी तिच्याकडं पाहिलंच नाही. कमरेची किल्ली काढून बसम्माच्या हातात दिली.

"पिंप उघड. घरातून मढं गेल्यावर टाकतात तसा सडा टाक."

"अवं, तेवढंच पाणी हाय," बसम्मा म्हणाली. "आता टँकर बंकटचा. तो कवा देतोय..."

"टाक म्हणलं ना."

शिवगंगा रस्त्यावर थांबली. आई चार थेंब शिंपडेल, असं तिला वाटलं. निदान डोळ्यांत पाणी तरी आणेल. बसम्मानं घागर बुडवून वर काढली, उंबऱ्यावर ओतली. दुसरी पायरीवर ओतली. मग शिवगंगा ज्या जागी पडवीत जेवायला बसायची, तिथं तिसरी ओतली आणि हातानं फरशी चोळू लागली. नीट, कोपऱ्याकोपऱ्यातून.

"आई!" शिवगंगानं हाक मारली.

बसम्मानं मान वर केली नाही. मेलेल्या माणसाच्या हाकेला ओ द्यायची नसते, म्हणून ती आणखी जोरात चोळत राहिली. पाणी अंगणात उतरलं, तशी सिंधुबाईची शेळी धावत आली आणि ओली माती चाटू लागली.