आधी विचारा

शाळेच्या फाटकासमोर वेरना अर्धा तास गाडीतच बसून होती. पट्टा सोडायची, पुन्हा लावायची. शेवटी भाची केरी वैतागली. "आत्या, एकदाचं काय ते ठरव. आत जायचं की घरी?"

"गप बस गं जरा."

ठरवणं सोपं असतं तर काय हवं होतं! नदीपासून टेकडीपर्यंतची ही सगळी जमीन वेरनाच्या माणसांची, गोरे यायच्या कितीतरी आधीपासून. आणि याच शाळेनं सात वर्षांच्या वेरनाला हाकललं होतं. एका गोऱ्या आईनं तक्रार केली, काळी पोरं माझ्या मुलीशेजारी नकोत, आणि दुपारच्या आत पाच पोरं दप्तरांसकट बाहेर. त्या पाचांतली आता ती एकटीच उरलेली. सहासष्ट वर्षांत तिनं आत पाऊल टाकलं नव्हतं. आता शाळेला जमिनीच्या मूळ राखणदारांचा सन्मान करायचा होता आणि सगळ्यांना आत बोलावण्याचे शब्द तिनं म्हणायचे होते. तो हक्क त्या जमिनीच्या वडीलधाऱ्या माणसाचाच, उसना देता येत नाही. नाही म्हणावं तर ते शब्द कुणीच म्हणणार नाही. म्हणावेत तर ज्यांनी हाकललं त्यांनाच 'या' म्हणायचं. आठवडाभर हेच डोकं खात होतं.

उतरली ती रागातच.

फाटकात मुख्याध्यापिका हॅलोरनबाई उभ्या. बाई मनाच्या चांगल्या, तीनदा घरी येऊन चहा पिऊन आमंत्रण देऊन गेलेल्या. दोन्ही हात पुढे करून म्हणाल्या, "या आंटी, आमच्या शाळेत तुमचं स्वागत."

केरीनं डोळेच मिटले. अहो, घरमालकिणीला तिच्याच दारात कुणी 'या, बसा' म्हणतं का? वेरनाच्या लोकांत तर दुसऱ्याच्या मुलखाच्या शिवेवर बसून राहायचं, आतून कुणी येऊन बोलावेपर्यंत. वेरनाची आजी एकदा दीड दिवस बसली होती.

"बाई," वेरना म्हणाली, "सगळ्यांना बाहेर काढा. पोरं, पालक, मास्तर. तुम्हीसुद्धा."

बाई गडबडल्या. खुर्च्या मांडून झाल्यात, शिक्षणखात्याचे साहेब आलेत, असं काय काय सांगत राहिल्या. वेरना जागची हलली नाही. मग आपण कुणाला 'या' म्हणालो ते बाईंच्या लक्षात आलं, कान लाल झाले आणि त्या सगळ्यांना बाहेर काढायला आत गेल्या.

वीस मिनिटं लागली. दोनशे पोरं आणि साहेबांसकट सगळी मोठी माणसं उन्हात रस्त्यावर. फाटकाच्या आत वेरना आणि केरी, दोघीच.

तासभर उभं करायचं, असंच तिच्या मनात होतं. कळू दे की जरा! पण पहिल्या रांगेतली पाच-सहा वर्षांची चिमुरडी पोरं भेदरून तिच्याकडे बघत होती. त्यांनी काय घोडं मारलं होतं?

बाई बाहेरून म्हणाल्या, "आंटी, आम्ही आत यावं का?"

वेरनाला एकदम रडू आलं. हे तिला कधीच कुणी विचारलं नव्हतं. तिच्या आईला नाही, आजीला नाही. डोळे पुसून तिनं आपल्या भाषेतले शब्द म्हटले, सावकाश, एकही न गाळता. बाई पुढे निघाल्या तसा तिनं हात आडवा केला.

"आधी पोरं येऊ देत. मोठ्यांनी थांबायचं."

आणि मोठी माणसं थांबली.