खालची पाकळी

जुलेखाने पुठ्ठ्याचा पाचवा थर चिकटवला आणि अल्बमच्या कव्हरवरच्या गुलाबावर तळहात टेकवून पाहिला. फूल दोन बोटं वर आलं होतं. परळीत तिच्या कामाचं नाव होतं ते या उठावामुळेच.

"अजून थोडं वर घ्या, आपा," समोर बसलेली राजश्री म्हणाली. "आन् आतून पोकळ ठिवा."

"पोकळ कावून?"

राजश्रीने पदराआडून काडेपेटीएवढा बटणांचा मोबाईल काढून पुढे ठेवला. तिच्या लेकीला, वर्षाराणीला, सासरची माणसं उद्या सिरसाळ्याला परत न्यायला येणार होती. बैठक झाली होती, चार माणसांनी समजूत घातली होती, आणि पोरीच्या दंडावरचे वळ अजून निळे होते. मागच्या खेपेला सासूने तिचा फोन काढून घेतला होता. लग्नाच्या फोटोंचा अल्बम कोण कशाला काढून घेईल?

"खालची पाकळी तेवढी मोकळी ठिवा. तिला सांगितलंय. बोट घातलं की निघंल."

अशा घरी लेक धाडताच कशाला, हे जुलेखाच्या अगदी ओठांवर आलं होतं. राजश्रीचं तोंड पाहून तिने ते गिळलं. फोन कापसात गुंडाळून फुलाच्या पोटात बसवला, वर पाकळ्या रचल्या आणि संध्याकाळी अल्बम तिच्या हवाली केला.

तिसऱ्या दिवशी जुलेखा दुसरा अल्बम उरकत होती. परळीतल्या वीज केंद्राची राख उघड्या कडेत शिरते आणि महिन्याभरात कागद काळा पडतो, म्हणून शेवटी गोंदाचं बोट सगळ्या कडांवरून फिरवायची तिची बारा वर्षांची सवय. बोट फिरता फिरता थांबलं. त्या दिवशीही ते असंच फिरलं होतं. खालच्या पाकळीवरूनसुद्धा.

"या अल्लाह!"

तिला स्वतःच्याच हाताचा राग आला. तशीच उठून तिने सिरसाळ्याची एसटी धरली.

वर्षाराणीच्या सासूने तिला बसायला पाट दिला.

"कव्हर नीट राहिलं का, बगायला आले," जुलेखा म्हणाली.

सासूने अल्बम आणून तिच्या मांडीवर ठेवला. गुलाब नव्हता. त्या जागी फाटलेल्या पुठ्ठ्याचे थर होते आणि कडेला सुरीच्या खुणा.

"सूनबाई सुरीनं उकरीत बसलती. पाकळी लई घट्ट. म्या म्हणलं, येवढं काय हाय त्यात?" सासू अगदी शांतपणे बोलत होती. "तुमीच बसवलं व्हतं न्हवं ते? आता तुमीच सपाट करून द्या."

"वर्षाराणी कुठं हाय?"

"झोपलीया."

दुपारचे बारा वाजले होते. आतल्या खोलीला कडी बाहेरून लावलेली होती.

जुलेखाने अल्बम पिशवीत घातला.

"किती दिस लागतील?" सासूने विचारलं.

"दिस कशाला? आजच येते," आतल्या खोलीत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने ती म्हणाली. "तिच्या आईला घिऊन."