पहिली खेप

बाळासाठी काय काय घ्यायचं याची यादी मी शाळेच्या डायरीत केली होती. घरातल्या कागदावर केली असती, तर सासूबाईंनी ती चुलीत घातली असती. इब्रामपूरच्या आमच्या घरात एक कायदा आहे: मूल जन्मून रडल्याशिवाय त्याच्यासाठी सुताचा धागासुद्धा आणायचा नाही. तो कुणी केला ते कुणाला ठाऊक नाही. पाळायचा मात्र सगळ्यांनी, आणि निस्तरायचं बायकांनी.

मागच्या खेपेला मी तो निमूटपणे पाळला होता. तीन वर्षांपूर्वी, एप्रिलात, मला आठव्या महिन्यातच मुलगा झाला. म्हापशाला त्याला काचेच्या पेटीत ठेवलं. त्याला ओढता येत नव्हतं. नर्स सांगायची, आईचं दूध चमचाभर मिळालं तरी आणून द्या. मी तासन्‌तास हाताने दाबत बसायचे आणि वाटीचा तळसुद्धा धड ओला व्हायचा नाही. सहाव्या दिवशी रुद्रेशने, माझ्या नवऱ्याने, फोनवरून पंप मागवला. पंप दहाव्या दिवशी घरी पोचला. मुलगा नवव्या दिवशी गेला. डॉक्टर म्हणाले, फुफ्फुसं कच्ची होती, दुधाचा यात काही संबंध नाही. माणूस भला होता. रोज दुपारपर्यंत माझा त्यांच्यावर विश्वास असतो.

आणि अकराव्या दिवशी दूध आलं. नुसतं आलं नाही, लोटलं. पदराच्या दोन घड्या भिजल्या. सासूबाईंनी परसातल्या मोगरीच्या कळ्या खुडून आणल्या, माझ्या छातीवर ठेवल्या आणि वरून फडकं घट्ट बांधलं. दूध आटवायला आमच्याकडच्या बायका असंच करतात. तीन दिवसांत सगळं सुकलं. "परत धाडला," त्या म्हणाल्या, दारावरचा पाहुणा परत पाठवल्यासारखं. मी पाचवीच्या मुलांना विज्ञान शिकवते, मला हे हसण्यावारी नेता आलं पाहिजे. पण या खेपेला दिवस राहिल्यापासून माझ्या मनात एकच गोष्ट बसली होती. फुलं घालून परत पाठवलेलं दूध हाक मारल्यावर येईल का? आलं नाही, तर या मुलाला मी काय पाजणार?

म्हणून यादी. पंप सगळ्यात वर, खाली दोन रेघा मारून; मागचा खोकं न उघडताच परत गेला होता.

यादीत एक गोष्ट मात्र मी लिहिली नव्हती, कारण ती घरात होती: बोंडलं. चोच असलेली चांदीची लहानशी वाटी, मुलांना दूध पाजायची. रुद्रेश त्याच बोंडल्याने प्यायला. मागच्या खेपेला सासूबाई ते पदरात गुंडाळून म्हापशाला घेऊन आल्या होत्या. नर्सने हात जोडून ते परत दिलं. मुलाच्या ओठाला ते लागलंच नाही. त्याला नावही लागलं नाही, बारसं व्हायचं होतं.

आता आवाजाचं सांगते. सातवा महिना लागला आणि तिन्हीसांजेला, सासूबाई तुळशीकडे दिवा घेऊन जायच्या तेव्हा, मला मागच्या पडवीच्या बाजूने एक बारीक आवाज यायला लागला. चुटुक, चुटुक, मग जरा थांबून पुन्हा चुटुक. पाल म्हणावी तर पाल एवढी शिस्तीची नसते. मी दिवा घेऊन पाहिलं, कुणी नव्हतं. चार दिवसांनी माझ्या ध्यानात आलं की आवाज सुरू झाला की माझ्या छातीत कळ येते आणि ब्लाउजवर रुपयाएवढा ओला डाग पडतो. तेव्हा कुठे मी तो आवाज ओळखला. माझ्या मुलाला पिताना मी कधी ऐकलं नव्हतं, म्हणून इतके दिवस लागले.

मी कुणाला बोलले नाही. सातव्या-आठव्या महिन्यात चार थेंब येतातच, हे गरोदरपणाच्या पुस्तकात होतं. आवाजाचं पुस्तकात नव्हतं. खरं सांगायचं तर मला भीती वाटायची आणि तरी पाच वाजल्यापासून मी त्याची वाट बघायचे. येतो म्हणजे दूध आहे, असं मी मनाशी धरून चालले होते.

मार्चच्या एका शनिवारी, सासूबाईंना दवाखान्याचं कारण सांगून, मी आणि रुद्रेश डिचोलीला गेलो. बाजाराच्या मागच्या अंगाला लेकुरवाळ्यांच्या सामानाचं एक दुकान आहे. ते चालवणाऱ्या बाईचं नाव देवकी, वय पन्नाशीचं, जीभ तिखट. बांगड्या भरणारीण हात बघते तशी तिने माझ्याकडे एक नजर टाकली आणि पंपाला लावून छातीवर बसवायची, तीन आकारांची पारदर्शक नरसाळी फळीवर मांडली.

"पंपापेक्षा ह्या महत्त्वाचा," ती म्हणाली. "माप चुकला तर दूध येवचा नाय आणि रगत येतला. विजेचो पंप होयो की हाताचो?"

रुद्रेशला विजेचा आवडला होता. त्याला बटण असलेली कुठलीही वस्तू आवडते. मी म्हटलं, "इब्रामपुरात वीज आमच्यापेक्षा जास्त सुट्ट्या घेते. हाताचाच दे."

देवकी हसली आणि मग तिला माझ्याबद्दल जरा आदर वाटला असावा. पाझरणारं दूध टिपायला गंजिफ्रॉकच्या कापडाचे, धुऊन पुन्हा वापरायचे पॅड तिने काढले. एकदा वापरून फेकायचे नको म्हणाली, आमच्या दमट हवेत अंगाला लागतात. समोरून उघडणारे दोन गाऊन पुरेत, तिसरा हौसेचा. पाजताना मांडीवर घ्यायची, मधोमध खळगा असलेली जाड उशी मी हातात घेतली तेव्हा तिने ती काढून घेतली आणि म्हणाली, घरातली जुनी गोधडी दुमडून घे, हिच्यात काय नाय. दूध साठवायच्या पिशव्या, चिरलं तर लावायचं मलम. मी प्रत्येक वस्तूपुढे खूण करत गेले. तीन वर्षांत पहिल्यांदा मला हलकं वाटत होतं.

सामान पिशवीत भरता भरता तिने सहज विचारलं, "पयलीच खेप?"

आमच्याकडे असंच विचारतात, कितवी खेप. दुसरी म्हटलं की लगेच, थोरलो केवढो झालो? हा पुढचा प्रश्न मी तीन वर्षं चुकवत आले होते, कधी विषय बदलून, कधी उठून जाऊन. त्या दिवशी मला उठून जायचं नव्हतं.

"व्हय," मी म्हटलं. "पयलीच."

रुद्रेश पंपाच्या खोक्यावरची अक्षरं वाचत होता. ती त्याची बराच वेळ वाचून होईनात.

त्या संध्याकाळी आवाज आला नाही. ब्लाउज कोरडा राहिला. मी म्हटलं, थकले असेन. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. मी दिवा लागायच्या वेळी मागच्या पडवीत जाऊन बसायचे, कान लावून, आणि परसातल्या मोगरीला कळ्या धरल्या होत्या त्यांचा वास तेवढा यायचा. मी नाकाला पदर लावायचे. चौथ्या दिवशी डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, थेंब येणं-न येणं याला काही अर्थ नाही, दूध बाळंतपणानंतर उतरतं, आत्ता पंप मात्र लावू नका. मी पंप लावला नाही. खोक्यातून काढला, मांडीवर ठेवला आणि मला रडू फुटलं. नऊ दिवस जगलेल्या पोराला मी एका दुकानदारणीसमोर नाही म्हटलं होतं, तेही पुढचा एक प्रश्न टाळायला.

सासूबाई दारात कधी येऊन उभ्या राहिल्या कळलं नाही. सगळं सामान खाटेवर पसरलेलं होतं. आता कायदा निघणार म्हणून मीही कंबर कसली.

पण त्या पंपाकडे बघत राहिल्या. "हो आदीच हाडूक होयो होतो," त्या म्हणाल्या. "तेव्हा."

पंप आधीच आणायला हवा होता, असं सासूबाईंच्या, सुमंगलाबाईंच्या, तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होते. मी डोळे पुसले. भांडायची सगळी तयारी फुकट गेली होती.

"आई, बोंडला खंय आसा?" मी विचारलं. "फडताळात नाय."

त्या खाटेवर टेकल्या. "तेच्याकडे आसा."

परसाच्या टोकाला भिरंडीचं, म्हणजे कोकमाचं, झाड आहे. मुलाला तिथेच ठेवलंय. लहान मुलांना अग्नी देत नाहीत. मी त्या बाजूला तीन वर्षं गेले नव्हते. सासूबाई मात्र रोज जात होत्या. तुळशीकडे दिवा लावून झाला की बोंडल्यात चार थेंब गाईचं दूध घेऊन जायच्या आणि मातीवर सोडायच्या, म्हणजे भुकेलेला घराकडे यायला नको. आणि मी तीन वर्षं समजत होते की या बाईचं काळीज दगडाचं आहे.

"पण चवथीक तू सांगलंस दिवस गेले म्हणान, तेव्हा बंद केलंय," त्या म्हणाल्या. "तेका सांगलंय, आता पुरे रे पुता, पाठच्या भावंडाक वाट दी. आणि बोंडला तेचा तेका ठेवलंय, पालथा घालून."

गणेशचतुर्थीला. म्हणजे सहा महिने झाले होते.  मी त्यांना आवाजाचं सांगितलं, थेंबांचं सांगितलं, डिचोलीच्या दुकानात काय बोलले तेही सांगितलं. 

"भुकेन तो माझ्याकडसून तुझ्याकडे इलो," शेवटी त्या म्हणाल्या. "आणि तू तेका ओळख दिलंस नाय. ऊठ."

ऊन उतरलं होतं. आम्ही दोघी परस उतरून गेलो, त्या पुढे, मी पोट सांभाळत मागे. भिरंडीखाली तांबडी फळं पडली होती. मुळाशी एक सपाट धोंडा होता आणि त्यावर बोंडलं पालथं. सासूबाईंनी ते उचललं आणि त्यांचा हात तिथेच थांबला.

सहा महिने उघड्यावर पडलेली चांदी काळी पडते, तशी वाटी तव्यासारखी काळी झाली होती. चोच तेवढी लखलखीत होती, आत्ता चिंचेने घासल्यासारखी.

आम्ही एकमेकींकडे बघितलं नाही. मी त्यांच्या हातातून बोंडलं घेतलं आणि जमिनीवर बसले, अवघडून. काय बोलायचं ते ठरवलं नव्हतं. वर्गात पोरं खोटं बोलली की मी त्यांना सगळ्यांसमोर उभं करून खरं सांगायला लावते. तसं मी सांगितलं.

"मी दुकानात लबाड बोललंय. पयली खेप तुझीच. तू माझो थोरलो."

पोटातलं मूल फिरलं. मग ती ओळखीची कळ आली, दोन्ही बाजूंनी, आणि मला दाबावंसुद्धा लागलं नाही. बोंडल्यात पाच-सहा थेंब पडले, पिवळसर, दाट. मागच्या खेपेला एवढ्यासाठी मी रात्र-रात्र बसले होते. मी चोच मातीकडे कलती केली आणि म्हटलं, "हो तुझो वाटो. ह्या पोटातल्याचो मागू नको, तेका होयो."

थेंब मातीत गेले. झाडावर वारा नव्हता. मी कान लावून बसले, पण मला काहीच ऐकू आलं नाही. त्याने मला टाकलं असं वाटलं.

सासूबाईंना हल्ली कमी ऐकू येतं, कुकरची शिट्टीसुद्धा मला सांगावी लागते. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि दाबून धरला.

"हलू नको गो," त्या हळूच म्हणाल्या. "दूध पिता तो."

त्याचं पिऊन होईपर्यंत आम्ही दोघी तिथेच थांबलो.