स्वेटरातला ट्रान्सफॉर्मर

रविवार होता, तरी ती सकाळपासून टेबलाला चिकटून होती. डोळे असे जड झालेले, की एकदा मिटले असते तर उघडायला दुसऱ्या कुणाचा हात लागला असता.

नेटवर्कची यंत्रं आखायची, हे तिचं काम. समोरच्या यंत्राच्या हिरव्या सर्किट-पट्टीवर, केबल खोचायच्या खाचेमागे, अंगठ्याच्या नखाएवढा एक काळा ठोकळा बसला होता. तो ट्रान्सफॉर्मर. त्याच्या पोटात इवलंसं काळं कडं आणि कड्याला केसासारख्या तांब्याच्या तारांचे वेढे. अलीकडची तार पलीकडच्या तारेला कधी शिवत नाही, तरी निरोप पोचतो. बाहेरच्या केबलला दणका बसला तरी तो आतल्या चिपपर्यंत जात नाही. तिला वाटायचं, इतक्या वर्षांच्या संसारात आपणही हेच करत आलो.

"पुढच्या मालाला हाच लावायचा का, ते उद्या सांगा," साहेबांनी बजावलं होतं. "सांगा म्हणजे काय, हो म्हणा."

हो म्हणायला जीभ उचलायचाच काय तो त्रास. पण त्या एका हो-खाली तिचा नवरा चेंगरणार होता.

नवरा शीतगृहात कोठी सांभाळायचा. सोबतचे त्याला बर्फोबा म्हणायचे. तिच्या यंत्राचे पहिले डबे त्याच्याच कोठीत बसवले होते, आतलं तापमान बाहेरच्या खोलीत कळवायला. आणि ते डबे मधूनच मुके व्हायचे. परत आणून टेबलावर लावले की पोपटासारखे बोलायचे. डब्यात खोट सापडेना, तेव्हा मालकाने ती माणसात शोधली: हाच केबल उपटत असणार, डब्याने तापमान चढल्याचं कळवलं की आत धावावं लागतं, त्याचा कंटाळा, दुसरं काय! तिने उद्या त्याच ठोकळ्याला हो म्हटलं, की आळ पक्का होणार आणि बर्फोबाची कोठी सुटणार.

दुपारी तो पाळी संपवून आला. काखेत गाठोडं.

"घे, तुझं माहेरचं माणूस आणलंय. पुन्हा तोंड मिटून बसलं."

तिने गाठोडं सोडलं, डबा टेबलावर लावला. हिरवा दिवा टुकटुक करायला लागला.

"बघ! तुझ्यासमोर कसा शहाणा बाळ. म्हणजे खोटा मीच." तो हसला, पण ते हसू ओठांच्या पुढे गेलं नाही.

तिचा तळवा डब्यावर होता.

"अहो, हा कोमट कसा?"

"कोमट म्हणजे? स्वेटरात गुंडाळून आणला. बाहेर काढला की दव धरतं त्यावर. पोटाशी घेऊन बसलो बसमध्ये. शेजारची बाई विचारत होती, मांजर आहे का."

"दर वेळी असाच आणता?"

"मग! तू डोळे फोडून केलेली वस्तू. उघडी आणू?"

ती खुर्चीत मागे रेलली. ठोकळ्याच्या माहितीपत्रकात तो बर्फातही चालतो असं ठसठशीत छापलं होतं. पण त्या कड्याचा जोर किती, हा आकडा साध्या खोलीतला होता. गारठ्यात तो जोर उतरत असेल, तर लांब केबलवरचा निरोप वाटेतच गळणार. गारठ्यातला आकडा कुणी विचारलाच नव्हता. तिनेही नाही. आणि जो डबा गारठलेलाच तपासायचा, तो हा माणूस दर वेळी पोटाशी धरून ऊब देत आणत होता.

"फ्रीज रिकामा करा," ती म्हणाली. "वरचा कप्पा."

"आता? मटार आहेत त्यात."

"मटार खाऊ आपण."

डबा बर्फाच्या कप्प्यात गेला. केबलचं मोठं भेंडोळं ओट्याखाली सोडलं, त्याचं दुसरं टोक टेबलावरच्या यंत्राला. दाराच्या रबरातून दोन वायरी बाहेर, एक विजेची, एक केबलची, वर चिकटपट्टी. मग दोघं फ्रीजला पाठ लावून फरशीवर बसली. टेबलावरच्या यंत्राचा दिवा टुकटुकत होता. मटार पातेल्यात रटरटत होते. तो तिच्या खांद्यावर कलंडला आणि घोरायला लागला.

दिवा अडखळला. पेटला. विझला.

तिने त्याला लगेच उठवलं नाही. कित्येक दिवसांत तो असा निर्धास्त झोपला नव्हता. अजून थोडं झोपू दे, सुटल्याचं त्याला उठल्यावर कळेल.

तो जागा झाल्यावर तिने त्याला विझलेला दिवा दाखवला आणि ड्रॉवरातला दुसरा ठोकळा काढला. हा जाडजूड, मोठ्या कड्याचा. पट्टीवर मावेना म्हणून बाजूला ठेवलेला. जुना उपटून त्याच्या जागी हा बारीक तारांनी टांगला, कोळी लोंबावा तसा. डबा पुन्हा कप्प्यात. मटार खाऊन झाले, भांडी घासून झाली, कप्प्यात बर्फाचा थर धरला. दिवा टुकटुकतच राहिला.

साहेबांना फोन लागला.

"रविवारी, मॅडम?"

"तो ठोकळा नको, साहेब."

"अहो, टेबलावर चालतो ना?"

"चालतो. टेबल गरम आहे. फ्रीजमध्ये माझ्यासमोर बंद पडला. उद्या दाखवते."

"मोठा बसवायचा तर पट्टी पुन्हा आखावी लागेल. परवापासून तुमची तर सुट्टी होती."

"होती," ती म्हणाली. सुट्टीत कुठे जायचं नव्हतं, नुसतं झोपायचं होतं. "शीतगृहाच्या मालकांना मात्र आजच कळवा. माणसाचा हात नव्हता म्हणून."

"कळवतो," साहेब म्हणाले. आवाज त्यांचाही दमलेला होता.

सकाळी तो तिच्याआधी उठला. साहेबांना दाखवायला जुना ठोकळा परत बसवलेला डबा त्याने फ्रीजमधून काढला, जेवणाच्या पिशवीत बर्फाच्या पिशव्यांमध्ये ठेवला, आणि सवयीने स्वेटर उचलला.

"नको," ती म्हणाली. "गारच जाऊ दे."

तो स्वेटर हातात घेऊन तसाच उभा राहिला. आता त्याचं काय करावं, त्याला सुचेना. मग पुढे होऊन त्याने तो तिच्याच खांद्यांवर टाकला.