रंजिताची दाढ

पुरुषोत्तमनगरला साखर कारखान्याच्या दाराशी आमचं घर. सासूबाई रोज जेवणानंतर माझ्या रंजिताला उसाची कांडी सोलून द्यायच्या. "ऊस चावा का दात आपोआप घासाई जातस," म्हणायच्या. मी ब्रश घेऊन मागे लागले की वर ऐकवायच्या, "दूधना दात शेतस, पडीच जातीन." रोज उठून कोण भांडणार?

काल सात वर्षांची रंजिता गाल धरून रडायला लागली, म्हणून तिला शहाद्याला नेलं. डॉक्टरांनी सगळ्यात मागची दाढ दाखवली. नुसता काळा खड्डा.

"काढून टाका," मी म्हटलं, "दुधाचीच तर आहे."

"नाही हो. ही सहाव्या वर्षी मागून येते, कायमची. मुळापर्यंत किडलीय, काढावीच लागेल. पण पुन्हा येणार नाही."

दाढ काढून घरी आलो, तर सासूबाई अंगणातच उभ्या होत्या. दाढ हातात घेतली आणि रिवाजाप्रमाणे पत्र्यावर भिरकावली. "आते नवी ई, बेटा."

नवी येईल म्हणे! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तोंड उघडणार, तेवढ्यात रंजिताने गालातला कापूस काढला आणि हसून मला विचारलं, "मम्मी, कव्हय ई?"