फेकून दिलेले फुटवे

बोर्डीच्या जतीनशेटच्या वाडीत नारळांच्या बुंध्याशी मिरीची वीस झुडपं गुडघाभर उंचीवर बसून होती. साडेतीन वर्षांत एकही वेल वर चढली नव्हती. वाडी बघायला आलेल्या मुंबईच्या पाहुण्यांनी कारण विचारलं, तेव्हा शेट म्हणाला, "आमच्या हिरीनं लावलीयत ना! तिचा हात लागला की वेलसुद्धा बसून घेते."

पाहुणे हसले. चिकू निवडणाऱ्या बायाही हसल्या. त्यांच्यातच बसून चिकू निवडणाऱ्या हिरीच्या अंगाचा तिळपापड झाला. रानशेतापासून चिखल्यापर्यंत गावोगावचे लोक रोप लावायला तिचाच हात मागत. आता कोण बोलावणार?

आणि लावली होती ती कोणाच्या हुकमानं? २०१५च्या पावसाळ्यात सुपारीवरच्या जुन्या वेलीच्या काड्या काढताना तिनं सांगितलं होतं, "शेट, मुळाशी जमिनीवर धावतात ते फुटवे घे. चढनारे तेच." शेटला घाई मिऱ्यांची. "फळ धरलेल्या फांद्या काप. त्या वांझोट्या दोऱ्या फेकून दे." फळफांदी लावली की तिचं झुडूपच होतं. त्यालाही मिरे लागतात, पण मूठभर.

दुसऱ्या सकाळी हिरीनं हिरव्या मिऱ्यांचे घोस ओटीवर, पाहुण्यांच्या चहाशेजारी ठेवले. एका पाहुणीनं दाणा चावला आणि तिच्या डोळ्यांतून पाणीच आलं.

शेटचा आवाज चढला. "कोणाच्या वाडीतून चोरलेस?"

"चोरू कशाला? तू फेकायला लावलेले फुटवे घरी नेले. माझ्या आंब्यावर दोन पुरुष उंच गेलेत."

शेटची आई, बकुळाकाकी, घोस हुंगून म्हणाली, "जत्या, खोकल्याच्या काढ्याला मी बाजारातली जुनाट मिरी कुटते, आणि ही बघ!"

शेटनं सूर बदलला. "म्हणजे वेल माझीच की. जूनमध्ये काड्या आणून लाव."

"लावीन. आधी या मानसांना सांग, तवा काय काप बोललास."

शेटनं पाहुण्यांना आणखी चहा विचारला.  हिरीनं एक घोस काकीच्या हातात देऊन बाकीचे पदरात घातले आणि चिकूच्या ढिगापाशी आली.

"हसा की गं आता!"

 बायांमधल्या रूपीनं मान खाली घालून दोन चिकू निवडले. मग हळूच म्हणाली, "हिरे, पावसात आमच्या फनसाला लावशील?"

"लावीन," हिरी म्हणाली. राग अजून उतरला नव्हता. "पन काड्या मी सांगीन त्याच."