श्रीपतीची पकड

बहात्तरच्या दुष्काळात ईट गावच्या शिवारातल्या विहिरी आटल्या, तेव्हा त्या आणखी खोल करण्याच्या कामावर श्रीपती होता. सुरुंगाच्या टोळीत त्याच्याइतका तगडा गडी दुसरा नव्हता. एका दुपारी एक सुरुंग उडालाच नाही. टोळी बराच वेळ थांबली. शेवटी काय झालं ते बघायला श्रीपती काठावरून वाकला आणि नेमका तेव्हाच सुरुंग उडाला. जीव वाचला, पण सोलापूरहून उपचार करून तो घरी परतला तेव्हा दोन्ही डोळे गेलेले होते.

पुढची काही वर्षं त्यानं ओट्यावर बसून दोर वळण्यात काढली. बायको चांगुणा लोकांच्या रानात कामाला जाई. तिनं कधी तोंड वाकडं केलं नाही, पण नवऱ्याचा तो थोराड देह दिवसभर एका जागी बघून तिला गलबलून येई.

मग गावात दूध संस्था निघाली. घरोघर म्हशी आल्या. पोरांच्या पोटात दूध जायला लागलं आणि दुष्काळात बंद पडलेली तालीम बब्रुवान वस्तादांनी पुन्हा उघडली. आखाड्याच्या हौद्यातली माती दगडासारखी टणक झाली होती. एका सकाळी वस्ताद श्रीपतीच्या ओट्यापुढं येऊन उभे राहिले.

"श्रीपती, हौदा खणायचाय. येतोस का?"

"वस्ताद, मला दिसत न्हाय."

"माती पायाखालीच असती. ती हुडकायला डोळं कशाला लागत्यात?"

वस्तादांच्या खांद्यावर हात ठेवून श्रीपती गेला. त्यानं हौदा खणला, ढेकळं हातानं फोडली, तेल, हळद, ताक घालून माती कालवली. हाताला मऊ लागेपर्यंत तो उठला नाही. त्या दिवशी त्यानं भाकरी मागून घेतली. चांगुणानं चुलीवर आणखी एक भाकरी टाकली.

माती खणायला तो रोज जाऊ लागला. खणून झालं की कडेला बसून ऐकत राही. कोण दमलंय, कोण पाठीवर पडलं, कोण नुसतंच हुंकारतंय, सगळं त्याला कळायचं. एकदा पोरं घरी गेल्यावर वस्ताद म्हणाले, "लंगोट बांध."

"माझी चेष्टा करता व्हय?"

"चेष्टा करायचं वय न्हाय माझं. व्यंकट, ये इकडं."

व्यंकट दूध संस्थेत माप घालायचा. अंगानं बेताचा, पण हौद्यात चपळ. वस्तादांनी श्रीपतीला हातपाय टेकून ओणवं केलं आणि व्यंकटला त्याच्या पाठीवर घातलं. "उभ्यानं लढताना नजर लागती," ते म्हणाले. "खालच्या कुस्तीत अंगाला अंग लागलेलं असतंय. तिथं कातडीला कळतंय. व्यंकट तुला उलटा करंल. तू व्हायचं न्हाय. बास, एवढंच."

श्रीपती उलटा झाला. पुन्हा ओणवा झाला, पुन्हा उलटला. व्यंकट कधी मानेखालून हात घालायचा, कधी पाय अडकवून सवारी भरायचा, आणि प्रत्येक वेळी श्रीपतीच्या पाठीला माती लागायची. घरी गेल्यावर चांगुणानं त्याची सोललेली कोपरं बघितली.

"अवो, कशापायी हे? पडायचंच हाय तर घरात पडा."

"पडल्यावर उठतोय की न्हाय?" श्रीपती म्हणाला. "एवढी वर्सं तर नुसता बसूनच हुतो."

तिनं तेल गरम केलं आणि त्याची पाठ चोळली.

पुढं महिनोन्‌महिने तो एवढंच शिकत होता. आधी त्याला वाटे, जोर लावला की सुटका. पण जितका जोर लावावा, तितका तो अडके. मग तो जोर लावायचा थांबला आणि वरच्या माणसाकडं लक्ष देऊ लागला. एका बगलेवर भार आला की दुसरी बाजू हलकी होते. डाव टाकायच्या आधी माणूस श्वास धरतो. मांडी आधी ताठते, मग पाय येतो. एका सकाळी व्यंकटनं श्वास धरला, त्याच क्षणी श्रीपती हलक्या बाजूला बैठक मारून निसटला आणि वळून व्यंकटच्याच पाठीवर गेला.

तालमीतले सगळे हौद्याभोवती गोळा झाले. खाली दबलेला व्यंकटच आधी हसला. "वस्ताद, ह्यो माणूस माझ्या मनातलं ऐकतोय!"

त्यानंतर हळूहळू दुसरे गडीही त्याच्याकडं यायला लागले. काही जण तर डोळ्यांना फडकं बांधून त्याच्याशी लढत. म्हणत, श्रीपतीशी झोंबलं की आपलं अंग आपल्याला कळतंय.

भूमच्या जत्रेतल्या कुस्त्यांच्या फडात वस्तादांनी त्याचं नाव दिलं, तेव्हा पंच आधी तयार होईनात. शेवटी ठरलं की दोघांनी हातात हात धरून कुस्ती सुरू करायची. समोर परांड्याकडचा उत्तरेश्वर होता. कोवळा, लांब हातापायाचा, नावारूपाला येत असलेला मल्ल. हलगी वाजली. उत्तरेश्वरनं झटक्यात हात सोडवला आणि मागं सरला. श्रीपतीनं चाहूल घ्यायला मान फिरवली, पण हलगीच्या आवाजात काही ऐकू येईना. तो मोकळ्या हवेत हात फिरवत राहिला. उत्तरेश्वर कडेनं आला, पाय धरून पट काढला आणि त्याला चीत केलं. कुणी हळहळलं, कुणी हसलं.

गाडीत वस्ताद म्हणाले, "कुस्तीच्या नेमात बसत हुतं ते. त्यानं चोरी केली न्हाय."

"म्या कुठं म्हणतोय?" श्रीपती म्हणाला. "चूक माझी. म्या हात सोडू दिला."

पुढचं वर्षभर त्यानं एकच गोष्ट घोटली. व्यंकटनं तेल लावलेलं मनगट त्याच्या हातात द्यायचं आणि पळायचा प्रयत्न करायचा. व्यंकट हिसडे देई, पिळे, गुडघा लावून ओढी. मनगट सुटलं की पहिल्यापासून. घरी तो ओलं पोतं पिळत बसे. बोटं सुजून भाकरी मोडता येईना, तेव्हा चांगुणा ती कुस्करून ताटात वाढायची. हळूहळू व्यंकटला सुटणं जड जाऊ लागलं, आणि एक दिवस त्यानं स्वतःच हात जोडले. "बाबा, सोड आता. दूध नासंल तिकडं."

पुढच्या जत्रेत श्रीपतीशी पुन्हा लढायला उत्तरेश्वरनंच होकार दिला. बांधावर माणसं दाटली होती. चांगुणाही बायकांच्या घोळक्यात येऊन बसली. हलगी कडाडली. उत्तरेश्वरनं हिसडा दिला. हात सुटला नाही. त्यानं पीळ दिला, मागं रेटलं, पुढं ओढलं. श्रीपती त्याच्यामागून मातीत फरफटत गेला, पण मनगट त्याच्या मुठीतच राहिलं. शेवटी उत्तरेश्वर चिडला आणि त्याला खाली दाबून पाठीवर बसला. व्यंकट बांधावरून ओरडला, "आता बघा!"

खाली श्रीपती निवांत होता. उत्तरेश्वरनं एक डाव टाकला, तो त्यानं अंगावर येऊ दिला आणि जिरवला. दुसराही जिरवला. वरचा श्वास तुटक येऊ लागला. मग उत्तरेश्वरनं श्वास धरला, मांडी ताठली, आणि श्रीपती त्याच्याखालून सरकून बाहेर आला. वळला, छातीवर छाती टाकली आणि त्याचे दोन्ही खांदे मातीला लावले.

सगळा फड ओरडत उभा राहिला. कुणीतरी त्याच्या डोक्याला फेटा गुंडाळला. त्या गलक्यातही त्यानं उत्तरेश्वरचा हात धरूनच ठेवला होता. त्याच हातानं त्यानं त्याला उठवून उभं केलं.

"उजवा गुडगा कवापासून दुखतोय?" श्रीपतीनं हळूच विचारलं.

उत्तरेश्वर दचकला. "तुमाला कुणी सांगितलं? माझ्या वस्तादालाबी ठाव न्हाय."

"सगळा भार डाव्यावर टाकत हुतास."

"मग त्यो पाय धरायचा की. तवाच पडलो असतो म्या."

"पडला असतास," श्रीपती म्हणाला, "पन पुन्हा लढला नसतास."

उत्तरेश्वर खाली वाकला आणि त्यानं श्रीपतीच्या पायांना हात लावला. गुडघा बरा होईपर्यंत तो फडात उतरला नाही. बरा झाल्यावर मात्र परांड्याहून गाडीत बसला आणि ईटच्या तालमीत येऊन दाखल झाला. श्रीपती हौदा खणत होता.

"कोन हाय?"

"म्या, उत्तरेश्वर. खालची कुस्ती शिकायचीय."

श्रीपतीनं कुदळ त्याच्या हातात दिली. "त्यो कोपरा राहिलाय. आदी तेवढं खण."